चौकोनी खंदक आणि पूर्वेचं दार

आबांच्या मते आयर्लंडमधल्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच होतं: इथले लोक घर बांधताना तोंड रस्त्याकडे करतात, सूर्याकडे नाही. दमट भिंती, रडवेलं आभाळ, बाबांची पाठदुखी, माझं उलट बोलणं, सगळं त्यांनी या एका कारणात बसवलं होतं. आबा म्हणजे बाबांचे वडील. अकोल्याहून आमच्याकडे थोडे दिवस राहायला आले आणि साथीमुळे विमानं बंद झाली. मग डंडॉक गावाच्या कडेला, भाड्याच्या एका चिमुकल्या घरात, मी, आई, बाबा आणि आबा असे चौघं एकमेकांच्या अंगावर राहिलो. आबांनी आयुष्य एस.टी.च्या डेपोत गाड्या सोडण्यात घालवलं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज खोलीच्या मापाचा नव्हताच. आई स्वयंपाकघराच्या टेबलावर हेडसेट लावून ऑनलाइन पैशांच्या एका कंपनीसाठी युरोपभरची चिडलेली गिऱ्हाइकं शांत करायची, आणि मागून आबांची मला हाक यायची, "केतकीऽऽ, पोहे लागले!" एका जर्मन गिऱ्हाइकाने आपलं भांडण अर्धवट सोडून आईला विचारलं होतं, तुम्ही स्टेशनावरून बोलताय का?

मी तेव्हा शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला होते, आणि सगळ्या जगावर रागावलेली होते. सात वर्षांची असताना इथे आले होते. मराठी कळायची सगळी, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, तेही लाऊथ परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत. आई-बाबांनी ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं. आबांनी मात्र साफ नकार दिला. "मले तुह्यी इंग्रजी समजत नाही, अन् समजून घ्याची बी नाही," ते म्हणाले. भूक लागली असेल तर मराठीत सांगायचं, नाहीतर उपाशी राहायचं. आज हे पान मी मराठीत लिहिते आहे ते त्या हट्टी म्हाताऱ्यामुळे. माझं वय आता तेव्हाच्या त्यांच्या वयाजवळ आलंय, आणि हट्टाच्या बाबतीत मी त्यांना केव्हाच मागे टाकलंय असं माझी मुलं म्हणतात. म्हणोत बापडी.

त्या भाड्याच्या घराला ओल यायची. माझ्या पलंगामागे भिंतीवर काळी बुरशी धरायची, आई ब्लीचने पुसायची, आठवड्यात ती परत यायची. स्वयंपाकघरात प्रेस म्हणून जे एकुलतं एक कपाट होतं (इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, आणि आम्हीही म्हणायचो), त्यात डाळी-तांदूळ ठेवले की दमट वास लागायचा. आई भाजणी भाजून डबा भरायची आणि तो उघडून उघडून हुंगायची. तिला स्वतःचं घर हवं होतं. नुसतं हवं होतं असं नाही. तिला त्याची भूक लागली होती. वस्तीला लागून एक मोठं शेत होतं, तिथे बिल्डर दुसऱ्या टप्प्यातली घरं बांधणार होता. बाबा आणि आई तो नकाशा टेबलावर पसरून रात्रीच्या जेवणानंतर असे बसायचे, जसे इतर नवरा-बायको सिनेमा बघायला बसतात. सगळ्या टप्प्यात मोजकीच घरं पूर्वेकडे तोंड करून होती. त्यातलं कोपऱ्यावरचं बाबांनी बयाणा देऊन धरलं, तेव्हा अकोल्यात असलेल्या आबांनी फोनवरून पसंत केलं, आणि आईने ओट्यासाठी टाइलचा एक नमुना आणून खिडकीत ठेवला. भांडी घासताना ती त्या टाइलकडे बघायची.

वैशाखातला एक मुहूर्त आबांनी काढला. बांधकामं बंद होती, शेतात चिटपाखरू नव्हतं, फक्त प्लॉटच्या खुंट्या आणि त्यांना बांधलेल्या रंगीत फिती. "बिल्डर भूमिपूजन करत नाही मंजे का आपनही नाही कराचं?" आबा म्हणाले. "दुसऱ्याच्या जमिनीत शेषनाग न ठेवता घर उभं राह्यते का?" त्यांनी पायमोज्यात गुंडाळून चांदीचा नाग अकोल्याहून आणलाच होता. घर विकत घेतलेलं नाही, जमीन अजून बिल्डरची, आत जायला मनाई, हे सगळं बाबांना माहीत होतं. पण पूर्वमुखी घर मिळालंय आणि पूजा केली नाही, ही जोखीम त्यांना जास्त मोठी वाटली. असली चूक आमच्यासारखीच माणसं करू जाणे. एका सकाळी, ऊन नुकतं तिरपं आलेलं असताना, आम्ही कुंपणातल्या फटीतून चौघं आत गेलो. आबा माकडटोपीत, आई पैठणीवर पफर जॅकेट घालून, बाबांच्या हातात बागेतलं फावडं. माझ्या हातात फोन, आणि फोनमध्ये अकोल्याचे गुरुजी.

गुरुजींचा आवाज तुटत तुटत येत होता. "ईशान्य कोपरा दाखवा," ते म्हणाले. मी होकायंत्र लावलं, फोन समोर धरून हळूहळू वळले. त्या वसंतात आयर्लंड आयर्लंडसारखं वागत नव्हतं. पाऊसच नव्हता, आणि शेतातलं गवत आपल्याकडच्या माळासारखं पिवळं पडलं होतं. फोनच्या पडद्यावर त्या पिवळ्यातून एक हिरवा पट्टा सरळ जाताना दिसला. इतका सरळ की कुणी पट्टी धरून ओढावा. मी नजर वर केली. पट्टा पुढे जाऊन काटकोनात वळत होता. फोनमध्ये गुरुजी मंत्र म्हणत होते, मागे बाबा खणत होते, आबा "खोल, अजून खोल" म्हणत होते, आणि मी फोन घेऊन त्या पट्ट्यावरून चालत सुटले. पायाखालची जमीन किंचित खोलगट होती. पट्टा वळला, पुन्हा वळला, पुन्हा वळला, आणि मला फिरवून जिथून निघाले होते तिथे घेऊन आला. आमच्या प्लॉटच्या खुंट्या त्या चौकोनाच्या पोटात होत्या. गुरुजी एव्हाना आभाळाला उद्देशून संकल्प सोडत होते, कारण फोनमध्ये त्यांना फक्त आभाळ दिसत होतं. मी जन्मात ऐकलं नव्हतं इतकं आबांनी मला झापलं. तांब्याचा कलश खड्ड्यात गेला, त्यात नाग, एक रुपयाचं नाणं, मग सुपारी, हळकुंड, नवधान्य, तोंडाला मातीचं बूच. वर माती ओढली, वर गवताचा तुकडा जसाच्या तसा बसवला. मग घरी येऊन आईने शिरा केला.

निसर्ग काटकोन करत नाही. एवढं एक वाक्य डोक्यात घेऊन मी त्या महिन्यात कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. विमानातून काढलेले फोटो पाहिले, शेजारच्या परगण्यांत सापडलेल्या अशाच चौकोनांबद्दल वाचलं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इथे शेतीवाडी केली. भीतीपोटी म्हणा किंवा दिमाखापोटी, घराभोवती चौकोनी खंदक खणून त्यात पाणी सोडलं. घरं लाकडाची, ती कुजून गेली. खंदक गाळाने भरले, वर गवत आलं. पण भरलेल्या खंदकातली माती खोल आणि ओलसर राहते, म्हणून दुष्काळात वरचं गवत उशिरा सुकतं. मी आबांना सांगितलं, तुमच्या वऱ्हाडातल्या गढीसारखं काहीतरी आहे इथे. त्यांनी हात झटकला. "गढी मंजे मातीचा डोंगर असते. हे तं वावरातली नाली आहे. मले गढी शिकवते पोट्टी!"

मग पुन्हा एकदा तिथे गेले तेव्हा सशांनी उकरलेल्या मातीत एक खापराचा तुकडा दिसला. अंगठ्याएवढा, हिरवट काचेसारखी चकाकी असलेला. मी तो उचलला नाही. असं काही उचलायचं नसतं हे वाचलं होतं. शेजारी आबांचा कंगवा ठेवून फोटो काढला, गवताच्या पट्ट्याचे फोटो जोडले, आणि सरकारच्या पुरातत्त्व खात्याला पाठवून दिले. घरी कुणाला सांगितलं नाही. कारण मला परिणाम कळत होता. लोक नंतर म्हणाले, पोर होती, तिला काय कळणार. पोर होते, पण मठ्ठ नव्हते. त्या चौकोनात आमचं घर होतं आणि तिथे खंदक निघाला तर घर होणार नाही, हे मला पाठवण्याचं बटण दाबताना स्वच्छ ठाऊक होतं. तरी दाबलं. त्या सबंध वर्षात प्रत्येक जण मला काय करायचं नाही एवढंच सांगत होता: बाहेर जाऊ नको, जवळ येऊ नको, हात लावू नको, वाट बघ. आणि ही एक गोष्ट अशी होती जी मला कुणी दाखवली नव्हती. मी पाहिली होती. तिच्यावर सिमेंट ओतू द्यायचं आणि वर त्या सिमेंटवर झोपायचं, हे माझ्याने झालं नसतं.

उन्हाळ्याच्या शेवटी खात्याचे लोक येऊन शेत बघून गेले, आणि पानं पिवळी व्हायला लागली तेव्हा बिल्डरचा मेल सगळ्या गिऱ्हाइकांना आला: दुसऱ्या टप्प्याच्या जागेवर मध्ययुगीन अवशेष असण्याची शक्यता, चाचणीचे चर खणल्याशिवाय पुढचं काम नाही. बाबांनी तो मेल मोठ्याने वाचला. "एका स्थानिक विद्यार्थिनीने कळवल्यावरून," असं त्यात होतं. बाबांनी चष्मा काढला.

"कुठली विद्यार्थिनी?"

"मी," मी म्हणाले. मराठीत म्हणाले.

आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाबा बोलले, खूप बोलले: आपण इथे पाहुणे आहोत का मालक, ते आधी ठरव, आपल्या डोक्यावर छप्पर नाही आणि तू मेलेल्यांच्या घरांची काळजी करतेस, तुझ्या आईने या बुरशीत किती वर्षं काढायची. शेवटचा प्रश्न मला लागला. पण मी मान खाली घातली नाही. "ते घर आधी त्यांचं होतं," मी म्हणाले. आबांनी जेवताजेवता मान हलवली आणि मला नवीन नाव दिलं, "नॉर्मनाची नात." नंतर ते मला त्याच नावाने हाका मारायचे, तेही डेपोच्या आवाजात.

चर खणायला जी बाई आली तिचं नाव नीव. उंच, लाल कानांची, बोलताना वाऱ्यावर ओरडायची सवय झालेली. तिला पैसे बिल्डर देत होता, कारण इथे कायदाच तसा आहे, पण ती काम कुणाचंच करत नव्हती. जे मातीत दिसेल ते लिहायचं, एवढंच. साइटचा मुकादम डेक्लन. तसा वाईट माणूस नव्हता. शेताच्या कडेला एक जुनं काटेरी झाड होतं, पऱ्यांचं म्हणून इथे कुणी तोडत नाही असं. डेक्लनने त्याला स्वतः कुंपण घातलं होतं आणि मजुरांना त्याच्या सावलीत उभं राहू देत नव्हता. आबांना त्यामुळे तो आवडायचा. "देवाले भेते, माणूस सुधा आहे," म्हणायचे. पण खंदकाचं त्याला काही नव्हतं. खंदक म्हणजे त्याच्या लेखी नाली. त्या बाबतीत त्याचं आणि आबांचं एकमत होतं.

पहिल्या दोन चरांत काळा, घट्ट, पाण्याचा वास मारणारा गाळ निघाला. मी शाळेतून येताना कुंपणाबाहेर उभी राहायची आणि नीव मला लांबूनच अंगठा दाखवायची. मग चौकोनाच्या मधोमध तिसरा चर घेतला. त्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या दारात आली, मास्क लावून, दोन पावलं मागे उभी. आई चकल्या पाडत होती, दिवाळी तोंडावर होती. नीव म्हणाली, "एक तांब्याचं भांडं सापडलंय. वरवर पुरलेलं. नवीन आहे, हे मला दिसतंय. पण डेक्लन म्हणतोय की हे 'यूर वन'चं काम." म्हणजे माझं, ज्या बाईचं नाव घ्यायचं नाही तिला इथे तसं म्हणतात. "तो म्हणतो, भांडं जिने पुरलं तिनेच ते खापर ठेवलं, तिनेच सगळं नाटक रचलं. बिल्डरलाही तसंच कळवणार आहे. भांडं कुणी पुरलं, कसं पुरलं, आणखी काय पुरलं हे मला कळलं नाही, तर जागेत ढवळाढवळ झाली आहे असं मला लिहावं लागेल. मग त्या खापराची ग्वाही मी देऊ शकत नाही. उद्या सकाळी मी तिथेच आहे." आणि ती गेली.

बाबांनी दार लावलं. चकलीचा सोऱ्या आईच्या हातात तसाच राहिला. प्रश्न इतका सोपा होता की आबांनाही समजावून सांगावा लागला नाही. आम्ही गप्प बसलो असतो तर मी खोटारडी ठरले असते, खंदक नाली ठरला असता, आणि पुढच्या वर्षी आईचं घर उभं राहिलं असतं. बोललो असतो तर घर गेलं असतं, वर परवानगीशिवाय आत शिरून खणल्याचा बोभाटा.

"कुणी काही बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "इथे आपल्यासारखी दहा कुटुंबं आहेत. भांडं कुणाचंही असेल."

"त्यात आपला नाग आहे," मी म्हणाले.

"केतकी, विषय संपला."

इथे मला बाबांच्या कामाबद्दल सांगायला हवं. ते औषधांच्या एका कारखान्यात होते, आणि त्यांचं काम म्हणजे प्रत्येक यंत्र सांगितल्याप्रमाणेच चालतं हे सिद्ध करायचं. त्यांच्या जगात एक शब्द होता, डेव्हिएशन. ठरलंय त्यापेक्षा काही वेगळं घडलं, हात चुकला, झाकण उघडं राहिलं, तर ते त्याच क्षणी सांगायचं: काय झालं, कुणी केलं, पुढे काय केलं. चूक करणाऱ्याला कुणी रागवायचं नाही. लपवणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी गेट उघडायचं नाही. लहानपणापासून माझ्या जेवणात वरणभाताइतकीच ही शिकवण होती. दूध सांडलं तरी बाबा विचारायचे, "डेव्हिएशन सांगितलंस का?"

"बाबा," मी म्हणाले, आणि आवाज मुद्दाम चढवला, कारण मला राग आला होता आणि तो लपवायची मला गरज वाटत नव्हती. "तुमच्या कारखान्यात कुणी असं केलं असतं तर? सांगा ना. स्वतः केलेलं दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं असतं तर तुम्ही त्याला काय केलं असतं?"

त्यांनी प्रेसचं दार इतक्या जोरात आपटलं की आतली डाळीची बरणी आडवी झाली. "तो कारखाना आहे! हे घर आहे!"

"देवाचं काम केलं आपन," आबा मध्येच म्हणाले, "चोरी थोडीच केली? लपवाचं कायले?" बाबा त्यांच्यावरही ओरडले. मी जन्मात त्यांना आबांवर ओरडताना पाहिलं नव्हतं. आई उभीच होती. तिने फक्त गॅस बंद केला, कारण तेल धूर सोडायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे कामाला निघून गेले. मी कोट चढवला. दारात आबा माकडटोपी घालून तयारच होते. "मी कलश ठेवला, मी येतो," म्हणाले. शेतात बारीक झिमझिम होती. नीव, डेक्लन, आणि फळीवर ठेवलेला आमचा कलश, चिखलाने माखलेला, त्याच्या तोंडाशी मातीचं बूच जसंच्या तसं. मी म्हणाले, हे आमचं आहे. घर बांधण्याआधी जमिनीची पूजा करतात, त्यातलं आहे. खापराशी याचा काही संबंध नाही.

डेक्लन खुशीत आला. "बघ, कबूल केलं," तो नीवला म्हणाला. "आता आणखी काय काय पुरलंय ते विचार तिला." मग माझ्याकडे बघून, अगदी समजूत घातल्यासारखा, "कसं आहे, पोरी, तुम्ही ब्लो-इन लोक. तुम्हाला इथलं काय माहीत."

ब्लो-इन म्हणजे वाऱ्याबरोबर उडत आलेला, बाहेरून येऊन वसलेला. नीव गुडघ्यावरचा चिखल पुसत म्हणाली, "डेक्लन, हा खंदक खणणारेही ब्लो-इनच होते." तो हसला, पण मी हसले नाही. "मी खापर ठेवलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही मला हवं ते म्हणा. मी इथून हलणार नाही." आबांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण माझा आवाज कळला असावा, त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि डेक्लनकडे असं बघत राहिले जसं उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघतात.

तेवढ्यात कुंपणाच्या दारातून बाबा आले. कारखान्याचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र. ते अर्ध्या वाटेतून परत आले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ नीवसमोर जाऊन उभे राहिले आणि ज्या आवाजात ते मीटिंगमध्ये बोलत असतील त्या आवाजात बोलू लागले.

"खड्डा मी खणला. बागेच्या फावड्याने, कोपरभर खोल. सोबत माझी बायको, वडील आणि मुलगी होती. मुलीच्या हातात फोन होता, तिने मातीला हात लावला नाही. भांडं तुम्ही उघडलेलं नाही, असं दिसतंय. उघडू नका, आधी ऐका. वर मातीचं बूच. त्याखाली धान्य, नऊ प्रकारचं. मग हळकुंड आणि सुपारी. तळाशी चांदीचा साप, माझ्या बोटाएवढा, आणि भारतातलं एक नाणं. याशिवाय आम्ही इथे काहीही ठेवलेलं नाही. ते खापर आमचं नाही. आता उघडा."

नीवने पसरलेल्या प्लॅस्टिकवर कलश हळूहळू रिकामा केला. धान्याला मोड येऊन सुकले होते. हळकुंड, सुपारी, नाग, नाणं. त्याच क्रमाने. ती मान हलवत राहिली. डेक्लनने बराच वेळ त्या चांदीच्या नागाकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग म्हणाला, "तुला कळतंय ना, तू आत्ता स्वतःचंच घर घालवलंस?"

"हो," बाबा म्हणाले. "कळतंय."

परत येताना बाबा पुढे, मी आणि आबा मागे. बाबा मध्येच थांबले, वळून त्या शेताकडे पाहिलं आणि म्हणाले, "दार पूर्वेला होतं गं." घरी आल्यावर त्यांनी कारखान्यात फोन करून उशीर का झाला ते सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण कागदपत्रांचं पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही. खंदकाच्या तळाशी नीवला लाकूड मिळालं, आणखी खापरं मिळाली. चौकोन जसाच्या तसा ठेवायचा ठरला, बिल्डरने नकाशा आवळला, आणि आमचा प्लॉट कागदावरून नाहीसा झाला. आम्हाला दुसरं घर देऊ केलं ते नेमकं दक्षिणेकडे तोंड असलेलं. आबा म्हणाले, त्यापेक्षा बुरशी बरी. बाबांनी बयाणा परत घेतला. आईने खिडकीतला टाइलचा नमुना काढून कुठेतरी ठेवला, कुठे ते मी विचारलं नाही. ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली होती, पण मोजकं: जेवायला ये, छत्री ने, दार लाव.

मग पुढच्या वर्षीच्या गणपतीत, खूप दिवसांनी माणसांना माणसं भेटू लागली तेव्हा, आम्ही दूर सँट्री नावाच्या उपनगरात एका ओळखीच्या घरी आरतीला गेलो. मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या, सगळे एकमेकांना हात लावावा की नाही अशा घोटाळ्यात हसत होते. तिथल्या एक काकू, ज्यांचं स्वतःचं तिसऱ्या मजल्यावरचं उजेडाचं घर होतं, माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, "हीच का ती? गवतातल्या खड्ड्यासाठी हातचं घर घालवलं म्हणे पोरीने. आजकालची मुलं ना, आईबापाचं काही वाटतच नाही त्यांना." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. तोंड उघडायच्या आत आई बोलली. तिचा आवाज तोच होता, चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांत करणारा.

"घर माझं गेलंय, काकू. ओटा माझा गेला. त्याचं रडायचं तर मी रडेन, आणि पोरीला बोलायचं तर मी बोलेन. तुमचं काय गेलं? घ्या, मोदक घ्या."

काकूंनी मोदक घेतला. घ्यावाच लागला, आईने ताट त्यांच्या नाकासमोर धरलं होतं.

येताना गाडीत बाबा पुढे, आबा त्यांच्या शेजारी घोरत, मागे आई आणि मी. मोटरवेवर पाऊस लागला. मी आईकडे बघून हसले असणार, कारण ती काचेबाहेर बघतच म्हणाली, "खूश होऊ नकोस. मी अजून रागावलेलीच आहे. मला ते घर हवं होतं. अजूनही हवंय."

"मी माफी मागणार नाहीये," मी म्हणाले.

"माग म्हटलं कुणी?" आई म्हणाली.